खेड्यातल्या चर्चमध्ये नॉर्मन काम कसं शोधायचं

वूस्टरशरमधल्या एका खेड्यात एका चर्चच्या दारासमोर मी पाऊण तास घालवला होता. अर्धगोल कमान, तिच्यावर झिगझॅग नक्षीच्या दोन रांगा, दोन्ही अंगांना बारीक खांब. भरपूर फोटो काढले आणि घरच्या ग्रुपवर 'बाराव्या शतकातलं काम' असं ठणकावून टाकलं. मग दार ढकलून आत गेलो, तर भिंतीवरच्या पितळी पाटीवर बांधकामाचं साल होतं, एकोणिसाव्या शतकातलं. तोवर काकांचं 'वा! नऊशे वर्षं टिकलं!' असं उत्तरही येऊन पडलं होतं.

तेव्हापासून मी उलट्या टोकानं सुरुवात करतो. समोरची कमान जुनी आहे का, हे आधी विचारत नाही. या गावात जुनं उरायला काही कारण होतं का, आणि उरलं असेल तर ते इमारतीच्या कुठल्या कोपऱ्यात, हे आधी विचारतो. नजर तयार व्हायला वर्षं लागतात, पण हा प्रश्न पहिल्या दिवसापासून कामाला येतो.

उरतं कुठे?

जाड भिंती आणि अर्धगोल कमानींच्या ज्या शैलीला युरोपात रोमनेस्क म्हणतात, तिला इंग्लंडमध्ये नॉर्मन म्हणायची पद्धत आहे. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमनं देश जिंकला आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षं गावोगाव दगडी चर्च उभी राहिली. आपल्या हिशेबानं सांगायचं तर अंबरनाथचं शिवमंदिर १०६० चं, त्याच्या मागून सुरू झालेली ही लाट. ११७० नंतर टोकदार कमानी यायला लागल्या आणि शतक संपता संपता गॉथिकनं तिची जागा घेतली.

म्हणजे त्यानंतरची आठशे वर्षं ही चर्च वापरात आहेत, आणि वापरातली इमारत गावच्या जुन्या वाड्यासारखी असते. आजोबांनी एक सोपा वाढवला, चुलत्यांनी खिडक्या मोठ्या केल्या, कुणी तरी कौलं काढून पत्रा घातला. वाडा 'दोनशे वर्षांचा' म्हणतात, पण दोनशे वर्षांचं खरोखर काय, तर दिंडी दरवाजा, विहीर आणि मागची एक भिंत.

चर्चचं तेच. पंधराव्या शतकात सफोक आणि कॉट्सवोल्डमध्ये लोकरीचा पैसा आला, तिथल्या व्यापाऱ्यांनी अंधारी नॉर्मन चर्च पाडून उंच, काचांनी भरलेली नवी बांधली. पैसा आला तिथे जुनं गेलं. नॉर्मन काम शोधायचं तर ज्या गावाचं पुढे फारसं भलं झालं नाही, ते गाव धरायचं. ग्लॉस्टरशरमधल्या केम्पलीचं सेंट मेरी चर्च याचं चोख उदाहरण. वस्ती हळूहळू तिथून सरकली, १९०३ मध्ये लोकांच्या सोयीसाठी दुसरं चर्च बांधलं गेलं आणि शेतांत एकटं पडलेलं जुनं चर्च जवळजवळ जसंच्या तसं राहिलं.

दुसरं कारण हिशेबाचं आहे. मध्ययुगापासून चर्चच्या पुढच्या भागाची, म्हणजे वेदी असलेल्या चान्सेलची डागडुजी धर्मगुरूच्या उत्पन्नातून व्हायची आणि लोक उभे राहायचे त्या मोठ्या भागाची, म्हणजे नेव्हची, गावकऱ्यांनी करायची. आपल्या शब्दांत, गाभाऱ्याचा खर्च एकाकडे आणि सभामंडपाचा दुसऱ्याकडे. दोघांच्या खिशात एकाच वेळी पैसा कशाला असेल? त्यामुळे एक भाग नवा आणि दुसरा जुना, असं फार वेळा दिसतं. दोन्हींच्या मधली कमान पाडली तर वरची भिंत खाली येण्याची भीती, म्हणून ती दोघंही सोडून देत.

तिसरं कारण मायेचं. नेव्हची भिंत बाहेर सरकवून बाजूला आणखी एक पाख जोडायची वेळ आली की जुन्या दाराचे दगड एकेक सोडवून नव्या भिंतीत पुन्हा बसवले जात. बाप्तिस्म्याचं दगडी कुंडही टाकून दिलं जात नसे. ज्यात पणजोबांचा बाप्तिस्मा झाला ते कोण फेकेल? सबंध चर्चमध्ये बाकी काही उरलं नसलं तरी दार, मधली कमान आणि कुंड, या तीन ठिकाणी बघायचंच.

निघण्यापूर्वी

'कॉर्पस ऑफ रोमनेस्क स्कल्प्चर इन ब्रिटन अँड आयर्लंड' या नावाचा एक मोफत ऑनलाइन संग्रह आहे, त्यात परगण्यानुसार चर्च शोधता येतात आणि एकेका दगडाचे फोटो असतात. मी तो जाण्याआधी वरवर बघतो आणि परत आल्यावर नीट वाचतो. आधीच सगळं वाचून गेलं की डोळे फक्त तेवढंच बघतात. हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी संस्थेची संरक्षित वास्तूंची यादी असते, तिच्यातली नोंद मात्र आधी बघावी. 'बाराव्या शतकातलं, एकोणिसाव्या शतकात जीर्णोद्धार' एवढं त्यात कळलं तरी माझ्यासारखी फजिती टळते.

सोबत दुर्बीण हवी. वळचणीखालचं काम पंधरा-वीस फुटांवर असतं आणि मोबाइलचा झूम दगडाचा लगदा करतो. एक छोटा टॉर्चही हवा, पण तो समोरून मारायचा नाही. भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरायचा, म्हणजे झिजलेल्या कोरीवकामाच्या सावल्या पडतात आणि सपाट वाटणाऱ्या दगडातून डोळा, शेपूट, बोटं वर येतात. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असते, तेव्हा जाऊ नये.

आधी बाहेरून, आणि उत्तरेकडून

गेटमधून शिरलात की पाय आपोआप दक्षिणेच्या दाराकडे वळतात. तिकडे जाऊ नका. आधी मागे, उत्तरेच्या भिंतीकडे जा. दक्षिणेला ऊन, रस्ता आणि लोकांची नजर, म्हणून खर्च त्या बाजूला झाला, खिडक्या तिकडच्या मोठ्या केल्या गेल्या. उत्तरेची भिंत शेवाळलेली, ओलसर, दुर्लक्षित, आणि म्हणूनच बऱ्याचदा तिच्यात मूळची खिडकी सापडते.

नॉर्मन खिडकी म्हणजे भिंतीत उंचावर ठेवलेली एक अरुंद फट, वर गोल डोक्याची. अनेकदा ते गोल डोकं कमानीचं नसतंच, एकाच दगडात अर्धवर्तुळ कोरून काढलेलं असतं. बाहेरून वीतभर दिसणारी ही खिडकी आतल्या बाजूला मात्र भिंतीच्या जाडीतून ऐसपैस पसरत जाते. काच महाग होती, वारा फुकट होता, तेव्हा भोक लहान ठेवून उजेड आत पसरवायची ही युक्ती. खिडकी बुजवलेली असेल तर दगडांच्या रांगा नीट बघा. सरळ रेषेत चाललेल्या रांगेत मध्येच दोन उभ्या कडा आणि वर एक कमान दिसली की ती तिथेच आहे.

तिथेच भिंतीचा पोतही बघून घ्या. दगड तिरके रचलेत, एक ओळ डावीकडे कललेली, पुढची उजवीकडे, माशाच्या काट्यासारखी, तर ते बहुधा अकराव्या शतकातलं किंवा बाराव्याच्या सुरुवातीचं काम. भिंतीला दिलेले आधार सपाट पट्ट्यासारखे, जेमतेम वीतभर पुढे आलेले असतील तर तेही नॉर्मन. हातभर पुढे येऊन पायऱ्या-पायऱ्यांनी वर निमुळते होणारे आधार नंतरचे.

नॉरफोकमध्ये असाल तर मनोरा गोल आहे का बघा. त्या एका परगण्यात असे शंभराहून जास्त मनोरे आहेत. गोलाकार का, यावर वाद आहेत. गारगोटीच्या प्रदेशात कोपऱ्याला लावायला चांगला घडीव दगड मिळत नव्हता, हे त्यातलं व्यवहारी उत्तर. मला ते पटतं, पण ज्यांनी पैसे टाकून लांबून दगड आणवला त्यांनीही गोल मनोरे बांधलेत, त्यामुळे पैज लावणार नाही.

दार

आता दक्षिणेला या. पुढे नंतर कधी तरी बांधलेली ओसरी असेल. तिच्यावर वैतागू नका, आतली नक्षी तिच्यामुळेच वाचलेली असते.

सगळ्यात आधी कमानीच्या कड्या मोजा. नॉर्मन दार म्हणजे भिंतीत आत आत जाणाऱ्या कमानी, एकीच्या आत दुसरी, प्रत्येकीला आपला खांब. गरीब गावात एक कडी, जहागीरदार उदार असला तर तीन-चार. मग नक्षी. झिगझॅग डरहॅमच्या कॅथीड्रलमध्ये १११० च्या सुमारास दिसते आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत प्रत्येक गवंड्याच्या हातात बसते. झिगझॅग नाही आणि सगळंच ओबडधोबड आहे, तर काम त्याआधीचं असण्याची शक्यता वाढते. चोचवाले चेहरे दिसले, म्हणजे पक्षी किंवा जनावर कमानीच्या गोल दांड्याला चोचीत धरून बसलंय, तर काळ ११३० च्या पुढचा धरा. ११२१ मध्ये स्थापन झालेल्या रेडिंगच्या मठाच्या अवशेषांत याचे सुरुवातीचे नमुने मिळाले आहेत. ऑक्सफर्डजवळच्या इफलीच्या पश्चिम दारावर या चोची आणि झिगझॅग दोन्ही इतक्या गच्च भरल्यात की बघणाऱ्याला धाप लागते. आपल्या कीर्तिमुखांची सवय असलेल्या माणसाला हे चेहरे परके वाटत नाहीत, एवढं खरं.

खांबांच्या माथ्याकडेही बघा. चौकोनी ठोकळ्याचे खालचे कोपरे गोल तासून केलेलं साधं डोकं म्हणजे जुनी तऱ्हा. त्याच ठोकळ्याला निऱ्यांसारख्या चुण्या पाडलेल्या असतील तर बारावं शतक बरंच पुढे गेलंय. कोपऱ्यांवर वळलेलं रुंद गुळगुळीत पान असेल तर आपण ११७० ते ११९० मध्ये आहोत, नॉर्मन संपायच्या बेतात.

दाराची आडवी पट्टी आणि कमान यांच्यामध्ये अर्धचंद्राच्या आकाराचा दगड उरतो, त्याला टिंपॅनम म्हणतात. खेड्यातल्या पाथरवटानं आपलं सगळं कसब इथे ओतलेलं असतं. हेरफर्डशरमधल्या ब्रिन्सॉपमध्ये सेंट जॉर्ज, तिथल्याच स्ट्रेटन शुगसमध्ये सिंहावर स्वार झालेला बायबलमधला सॅमसन, ग्लॉस्टरशरमधल्या एल्कस्टोनमध्ये सिंहासनावरचा ख्रिस्त. पहिले दोन आता ऊन-पावसातून काढून चर्चच्या आत ठेवलेत, बाहेर दाराशी शोधत बसू नका.

एक दार सावकाश बघायचं असेल तर हेरफर्डशरमधलं किलपेक बघा. साधारण ११४० चं. तांबडा वालुकाश्म, ओला झाला की विटेसारखा गडद होतो. टिंपॅनमवर एक वेल, द्राक्षांची म्हणा की जीवनवृक्ष म्हणा. डावीकडच्या खांबावर दोन शिडशिडीत माणसं एकावर एक, टोकदार टोपी, विजार, वेलींच्या जाळ्यात अडकलेली. त्यांच्या कपड्यांच्या चुण्या बघायला गुडघ्यावर बसावं लागतं. प्रत्येक चुणी म्हणजे समांतर खाचांची जोडी, कंगव्यानं ओढल्यासारखी. बाहेरच्या कडीवर गोल पदकांच्या साखळीत पक्षी, मासे आणि एकमेकांच्या शेपट्या धरलेली जनावरं. खांबाच्या बाहेरच्या अंगाला साप वर चढतायत, खाली उतरतायत. इतकं सगळं, आणि दार बेताचंच, खेड्यातल्या चर्चला शोभेल एवढं.

दार पाहून झालं की ते मूळ जागेवर आहे का तपासा. कमान आणि तिचे खांब एकमेकांना नीट भेटत नसतील, कमानीचा मधला दगड कापून लहान केलेला असेल, नक्षी मध्येच तुटून पुढच्या दगडावर वेगळ्याच मापानं सुरू होत असेल, तर दार दुसरीकडून आणून बसवलंय. भिंत तेराव्या शतकातली आणि दार बाराव्या, हे अगदी नेहमीचं. जाता जाता दाराच्या कडेच्या दगडावर, साधारण छातीच्या उंचीवर, बोट शिरेल एवढं भोक आणि त्यातून खाली पसरलेल्या रेघोट्या शोधा. भोकात काडी खोचून सावलीवरून प्रार्थनेची वेळ बघायचे. हे छायायंत्र ओसरीच्या आत, जिथे ऊन येणारच नाही अशा जागी सापडलं, तर ओसरी नंतरची हे वेगळं सिद्ध करायला नको.

लाकडी दाराच्या बिजागऱ्या इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या असतील तर लोखंडही जुनं असू शकतं. यॉर्कशरमधल्या स्टिलिंगफ्लीटच्या दारावर अशाच लोखंडी पट्ट्यांतून एक जहाज केलंय, बघताक्षणी व्हायकिंग आठवावेत असं.

वळचणीखाली

आता दुर्बीण काढा. छपराच्या वळचणीखाली भिंतीतून पुढे आलेल्या दगडी तोड्यांची रांग असते, आणि इथे पाथरवटाला कुणी फारसं विचारत नव्हतं. देवदूत आत, वेदीजवळ. बाहेर, पावसात, जे मनात येईल ते.

किलपेकला असे ८५ च्या आसपास तोडे शिल्लक आहेत. त्यातली कुत्रा आणि सशाची जोडी इतकी गोड आहे की ती एखाद्या कार्टूनमधून उचलल्यासारखी दिसते. सारंगीसारखं वाद्य वाजवणारा माणूस आहे. मेंढा आहे. आणि एक शीला-ना-गिग आहे, दोन्ही हातांनी योनी फाकवून बसलेली बाई. आपल्या लोकांना ती दाखवली की पहिला शब्द निघतो 'लज्जागौरी'. मलाही तोच सुचला होता. पण जवळून बघा. लज्जागौरीला बहुधा डोकं नसतं, तिथे कमळ असतं, आणि शरीर भरलेलं, प्रसन्न असतं. किलपेकची शीला म्हणजे मोठं टकलं डोकं, टपोरे डोळे आणि उरलेलं शरीर निमित्तापुरतं. ती वासनेविरुद्धचा इशारा आहे, दृष्ट लागू नये म्हणून बसवली आहे, की आणखी काही, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला तिच्याशेजारी लज्जागौरीपेक्षा आपल्याकडची गधेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शिवी कोरलेला दगड, जास्त आठवते, पण ते मनातच ठेवतो.

पश्चिमेच्या कोपऱ्यांवर जबडा वासलेली ड्रॅगनची डोकी भिंतीबाहेर झेपावलेली आहेत. ती बघितल्याशिवाय आत जाऊ नका, आत गेल्यावर लोक ती विसरतात.

आत

आत शिरल्यावर दिवे लावू नका. पाच मिनिटं मागच्या बाकावर बसा. डोळे सरावले की भिंतीची जाडी, खिडक्यांतून पसरत येणारा उजेड आणि समोरची चान्सेलची कमान आपोआप दिसायला लागते.

ती कमान अर्धगोल आहे की थोडी चपटी, बसकी? पाया कच्चा असल्यानं शतकानुशतकं बाजूच्या भिंती बाहेर कलत गेल्या आणि कमानीचा माथा खाली आला, असं खेड्यात सर्रास दिसतं. वाकडी कमान हे जुनेपणाचं चांगलं लक्षण. हेरफर्डशरमधल्या रोलस्टोनमध्ये याच कमानीच्या एका अंगाला कोरलेल्या आकृती चक्क उलट्या आहेत, डोकं खाली पाय वर. चर्च सेंट पीटरचं, आणि पीटरला उलटं टांगून मारलं अशी कथा, त्यामुळे हे मुद्दाम केलं असावं असं मानतात.

नंतर नेव्हच्या बाजूची खांबांची रांग. जाड, गोल, बुटके खांब. त्यांच्या डोक्यावर, कमान जिथे टेकते तिथे, एक चपटा दगड असतो, अबॅकस. माझी सगळ्यात आवडती खूण हीच, कारण ती पायरीवर उभं राहून सेकंदात बघता येते: अबॅकस चौकोनी असेल तर नॉर्मनची आशा आहे, अष्टकोनी किंवा गोल असेल तर बहुतेक पुढचा काळ. कमान टोकदार, पण अबॅकस चौकोनी आणि खांब बुटका, असं मिश्रण दिसलं तर ११७० नंतरचा सांधा बघताय. जुन्या पद्धतीवर हात बसलेला गवंडी आणि नवी फॅशन मागणारा मालक, अशी काहीशी ओढाताण त्यात जाणवते.

आणि वर बघा, खांबांच्या कमानींच्या वर, भिंतीत. तिथे एखादी छोटी गोल डोक्याची खिडकी अर्धी कापलेली सापडली, खालचा अर्धा भाग नव्या कमानीनं खाऊन टाकलेला, तर समजा तुम्हाला लॉटरी लागली. म्हणजे ही भिंत आधी बाहेरची होती, सलग होती. नंतर बाजूचं पाख जोडताना तिला भोकं पाडून खांब उभे केले. इतिहासाचं पुस्तक दहा पानांत सांगेल ते या अर्ध्या खिडकीत दिसतं.

कुंड

पश्चिमेच्या दाराजवळ, बऱ्याचदा एखाद्या फोल्डिंग टेबलाच्या आणि बिस्किटांच्या डब्याच्या शेजारी, बाप्तिस्म्याचं कुंड असतं. त्याला घाई करू नका. पुष्कळ चर्चमध्ये हीच सगळ्यात जुनी वस्तू असते.

नॉर्मन कुंड मोठं असतं, तान्हं मूल बुडेल एवढं. पिंपासारखं गोल, किंवा चौकोनी टेबलासारखं पाच पायांवर. काळ्या चकचकीत दगडाचं असेल तर तो आजच्या बेल्जियममधल्या तुर्नेहून बोटीनं आलेला. हॅम्पशरमधलं ईस्ट मीऑनचं कुंड तसलं. बकिंगहॅमशरमध्ये एल्सबरीच्या आसपास उभ्या पन्हळींचं, पेल्याच्या आकाराचं कुंड गावोगाव दिसतं, एकाच कारखान्यातून निघालेलं असावं असं. नॉरफोकमधल्या बर्नहॅम डीपडेलच्या कुंडावर बारा महिन्यांची शेतीची कामं आहेत, आणि मळणी करणारा माणूस बघितला की आपल्या खळ्याची आठवण येतेच.

काठावरून बोट फिरवू नका, नजर फिरवा. काठाचा तुकडा उडालेला, शिसं ओतून भरलेला किंवा समोरासमोर दोन ठिकाणी फुटलेला दिसेल. १२३६ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशप एडमंडनं कुंडांना झाकण आणि कुलूप लावायचा हुकूम काढला, कारण लोक मंतरलेलं पाणी जादूटोण्यासाठी चोरून न्यायचे. ती कुलपं अडकवायला काठात बसवलेल्या लोखंडी कड्यांचे हे घाव. काठावर घाव आहे म्हणजे कुंड मध्ययुगीन असायची शक्यता दाट.

हेरफर्डशरमधली दोन कुंडं मात्र बघायलाच हवीत. अर्डिस्लीच्या कुंडावर दोन योद्धे वेलींच्या गुंत्यात लढतायत, एकाच्या हातात तलवार, दुसऱ्याच्या हातात भाला, अंगावर किलपेकसारख्याच कंगव्यानं ओढलेल्या चुण्या. कॅसल फ्रोमचं कुंड जमिनीवर पालथ्या पडलेल्या, चिरडल्या गेलेल्या माणसांच्या पाठीवर उभं आहे. आपल्या मंदिरांत खांबाच्या माथ्याशी भारवाहक यक्ष असतात ना, पोट फुगवून हसत भार पेलणारे. इथले मात्र खरंच दबलेले दिसतात. वर बाप्तिस्म्याचा प्रसंग आहे, आणि नदी म्हणून एक छोटं डबकं आणि त्यात मासे.

रंग

ही चर्च आतून रंगवलेली होती, हे विसरायला होतं. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर चुना फासला गेला आणि एकोणिसाव्या शतकात तो खरवडताना कुठे कुठे चित्रं निघाली. केम्पलीची चित्रं १८७२ मध्ये सापडली. चान्सेलचं छत अर्धगोल बोगद्यासारखं, मधोमध ख्रिस्त, दोन्ही भिंतींवर सहा-सहा प्रेषित मान वर करून त्याच्याकडे बघतायत. चित्रं बाराव्या शतकातली, ओल्या गिलाव्यावर काढलेली, म्हणून रंग चुन्यातच मुरले. दुपारी तीनच्या सुमारास मी तिथे एकटाच होतो. त्या बारा जणांसारखीच माझीही मान वर, आणि ती अवघडली तेव्हा कुठे बाहेर आलो.

फसू नये म्हणून

माझ्या पितळी पाटीकडे परत येतो. १८४० च्या आसपास इंग्लंडात नॉर्मन शैलीची मोठी लाट आली, आणि त्याआधीही काही जण हौसेनं तसं बांधत होते. रटलंडमधलं टिकनकोट घ्या. चान्सेलची कमान अस्सल, एकीबाहेर एक अशा भरजरी कड्यांची, वजनानं वाकलेली. तिच्याभोवतीचं चर्च मात्र सॅम्युअल पेपिस कॉकरेलनं १७९२ मध्ये त्याच धाटणीत नव्यानं उभं केलं. हाच माणूस ईस्ट इंडिया कंपनीचा स्थपती होता आणि पुढे भावासाठी सेझिनकोट नावाचं, घुमट आणि छज्जांचं हिंदुस्थानी थाटाचं घर त्यानंच बांधलं. कुठलीही शैली अंगावर चढवायला त्याला वेळ लागत नसे.

अस्सल आणि नक्कल वेगळी काढायला मी तीन गोष्टी बघतो. झिगझॅगची टोकं: जुन्या कमानीतले दगड कमीजास्त रुंदीचे असतात, त्यामुळे दोन दगडांच्या सांध्यावर नक्षी अडखळते, एखादं टोक बारीक, एखादं पसरट. नव्या कामात सगळी टोकं सारखी, साच्यातून काढल्यासारखी. दुसरी, हत्याराच्या खुणा. नॉर्मन पाथरवट दगड कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं तासत, त्यामुळे पृष्ठभागावर तिरक्या, एका दिशेनं पडलेल्या ओळी असतात. छिन्नी नंतर आली. कँटरबरीचा जर्व्हेस नावाचा साधू होता, ११७४ च्या आगीनंतर तिथलं कॅथीड्रल नव्यानं बांधलं गेलं तेव्हाचा. त्यानंच लिहून ठेवलंय की जुन्या भागात कोरीवकाम कुऱ्हाडीचं होतं आणि नव्यात छिन्नीचं. आठशे वर्षांपूर्वीचा माणूस हा फरक डोळ्यांनी ओळखत होता, तर टॉर्च घेऊन आपल्यालाही जमावं. तिसरी गोष्ट, झीज. दाराचा खालचा भाग, जिथे शतकानुशतकं खांदे आणि कोपर घासले, तो वरच्यापेक्षा गुळगुळीत हवा. वर आणि खाली सारखाच करकरीत असेल तर संशय घ्या.

उलटी फसगतही होते, नॉर्मनच्याही आधीचं सॅक्सन काम नॉर्मन समजण्याची. गोल कमान दोघांकडे आहे. पण भिंतीच्या कोपऱ्यात एक उभा लांब दगड, एक आडवा सपाट, पुन्हा उभा, अशी रचना असेल किंवा खिडकीचं डोकं त्रिकोणी असेल, तर ते सॅक्सन. नॉर्थॅम्प्टनशरमधल्या अर्ल्स बार्टनचा मनोरा एकदा डोळे भरून बघा, मग चूक होत नाही.

हेरफर्डशरात दोन दिवस

सुरुवात कुठून, असं कुणी विचारलं तर मी हेरफर्ड सांगतो. पहिल्या दिवशी सकाळी किलपेक, दहा-अकराला दाराच्या दगडावर ऊन तिरकं पडतं तेव्हा. मागे जहागीरदाराच्या किल्ल्याची मातीची टेकडी आहे, तिच्यावर चढून चर्च आणि किल्ल्याचं अंतर बघा: दार एवढं भरजरी कसं, याचं उत्तर तिथे आहे. तिथून रोलस्टोन, मग वर उत्तरेला अर्डिस्ली, परतताना ब्रिन्सॉप आणि स्ट्रेटन शुगस. कॅसल फ्रोम आणि केम्पली दुसऱ्या दिवशी, लेडबरीच्या बाजूनं. गाडीशिवाय हे जमत नाही, बसच्या भरवशावर मी एकदा एका खेड्यात साडेतीन तास काढलेत.

वेळ उरला तर शॉबडनला जा, पण मन घट्ट करून. तिथलं चर्चही किलपेक आणि अर्डिस्ली घडवणाऱ्या पाथरवटांच्याच परंपरेतलं. १७५० च्या दशकात ते पाडून नवं बांधलं आणि जुन्या कमानी टेकडीवर, उघड्यावर, शोभेला म्हणून उभ्या केल्या. किलपेकच्या तोडीचं काम अडीचशे वर्षांच्या पावसानं आता इतकं पुसलंय की १८५२ मध्ये छापलेली त्यांची चित्रं बघितल्याशिवाय काय होतं ते कळत नाही. इथे आडव्या टॉर्चचाही फारसा उपयोग होत नाही.

शेवटी एक अगदी व्यवहारी गोष्ट. चर्चच्या दाराला लोखंडी कडं असतं, जड. हळूच ओढून बघितलं की ते बंद वाटतं आणि लोक परत जातात. कडं पूर्ण फिरवायचं, आतला अडसर उचलला गेल्याचा खट्ट आवाज ऐकायचा, मग खांद्यानं ढकलायचं. खरंच कुलूप असेल तर ओसरीतल्या फळ्यावर किल्ली कुणाच्या घरी मिळेल ते लिहिलेलं असतं. ओसरीला बाहेरून तारेच्या जाळीचं दार असेल तर निघताना ते आठवणीनं लावून घ्या. नाही तर पाकोळ्या आत शिरतात आणि सबंध उन्हाळा आतच अडकून पडतात.